जुनी गाडी घ्यायची, नीट करायची, विकायची: खान्देशात हा जोडधंदा करायचा तर

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून मी एक वॅगन आर घेतली होती. २०१५ चं मॉडेल, पेट्रोल, पहिला मालक, एकसष्ट हजार किलोमीटर. साहेबांची बदली झाली होती. मागत होते दोन सत्तर, सौदा ठरला दोन अडतीसला. गाडी दारात लावली तसे मामा चपला अडकवत बाहेर आले आणि पहिला प्रश्न, "कितलामा पडनी रे?"

एक्केचाळीस दिवसांनी तीच गाडी पारोळ्याच्या पार्टीला दोन ब्याण्णवला गेली. मामांनी गावभर सांगितलं, पोराने चोपन्न हजार कमावले. माझ्या वहीत मात्र असं लिहिलेलं आहे: पुढचे दोन टायर ७,६००, बॅटरी ४,२००, बंपरचा रंग आणि रबिंग-पॉलिश ५,५००, लोअर आर्म आणि बुश ३,८००, एसीचा गॅस आणि सफाई २,४००, पीयूसी-धुलाई ६००, नाव चढवायला एजंटसकट ३,५००, विमा नावावर करणं आणि एनसीबीचा (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणाऱ्या सवलतीचा) फरक २,१००, येण्याजाण्याचं पेट्रोल १,२००. बेरीज ३०,९००. म्हणजे हातात २३,१००, आणि त्यासाठी पावणेतीन लाख दीड महिना अडकून पडले.

हा आकडा बघून ज्याला "बरं आहे" वाटतं त्याने पुढे वाचावं. ज्याला चोपन्नच हवेत, त्याने हा धंदा करू नये. या धंद्यात पैसा घेताना सुटतो. विकताना फक्त तो मोजायचा असतो. आणि बुडतो तो बहुतेक वेळा इंजिनात नाही, कागदात.

आधी ठरवा, कोणत्या वाटेने जायचं

पहिली वाट जुळवणीची. ओळखीत कोणाला गाडी विकायची आहे, कोणाला घ्यायची आहे. तुम्ही गाडी तपासून देता, भाव बसवून देता, कागद मालकाकडून थेट नव्या मालकाच्या नावावर होतात आणि तुम्हाला दोन्हीकडून किंवा एकीकडून दलाली मिळते. भांडवल शून्य. पहिल्या तीन-चार गाड्या अशाच करा. पाच-सात हजार सुटतील, पण गाडी कशी बघायची आणि माणूस कसा बघायचा हे फुकटात शिकाल.

दुसरी वाट गाडी स्वतःच्या नावावर करून मग विकण्याची. मी वॅगन आरचं तेच केलं. तोटा असा की आरसीवर एक मालक वाढतो आणि गिऱ्हाईक "थर्ड ओनर होईन ना मी" म्हणत दहा हजार पाडून मागतं. वर्षाला एखाद-दोन गाड्या असतील तर हा तोटा सोसावा. झोप शांत लागते.

तिसरी वाट रीतसर धंद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं. मालक गाडी व्यापाऱ्याकडे देतो तेव्हा फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला जातो, आणि तिथून गाडी विकली जाईपर्यंत कायद्याने व्यापारी हाच मालक मानला जातो. मधलं नाव चढवावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. पण अशी गाडी ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तिच्यातून सप्तशृंगीला जाऊन यायचं नाही. गाड्या दर महिन्याला यायला लागल्या की "मी काय, हौस म्हणून करतो" हे बोलणं सोडा आणि अधिकारपत्र काढा.

चौथी वाट सगळ्यांना माहीत आहे: मालकाकडून कोऱ्या २९-३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या घ्यायच्या, नाव चढवायचंच नाही, पुढच्याला तेच कागद द्यायचे. तिचं काय होतं ते खाली सांगतो, कारण मी ते भोगलं आहे.

सरकारी नोकरीत असाल, शिक्षक असाल, तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांचे आपापले नियम आहेत, ते आधी बघा. आपल्याकडे निम्मे लोक बायकोच्या नावाने करतात. ते मी इथे सुचवत नाही.

कधी घ्यायची, कधी विकायची

आपल्याकडे गाडीचा भाव पंचांगावर आणि पिकावर चालतो. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही. त्या पंधरवड्यात ज्याला पैशाची नड आहे तो विकणारा मात्र असतोच, आणि त्याच्या दारात गिऱ्हाईक नसतं. तेव्हा घ्या, दुरुस्त करून ठेवा, दसऱ्याच्या आठवड्यात विका. धोंड्याच्या महिन्यातही तसंच. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मागणी चढते. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात आला की धुळे, अमळनेर, चोपडा भागात फोन वाजू लागतात. रावेर-यावलचा केळीवाला मात्र भाव तेजीत असेल तर कोणत्याही महिन्यात उभ्या उभ्या गाडी घेतो.

डिसेंबरात घ्यायचं थांबावं. जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

माल कुठे मिळतो? वेबसाइटवर सगळेच बघतात, तिथे भाव आधीच ताणलेला. मला चांगल्या गाड्या मिळाल्या त्या भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, वरणगावच्या आयुध निर्माणीत. बदलीचे, निवृत्तीचे लोक. गाडी ऑफिसपुरती चाललेली, सर्व्हिसची पुस्तिका फाइलमध्ये लावलेली. वॉचमन, इस्त्रीवाला, गॅरेजचा मिस्त्री यांना सांगून ठेवा आणि सौदा झाला की त्यांचा चहापाण्याचा हिशेब चुकवू नका.

कोणती गाडी? जी तालुक्याचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो ती. वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, पेट्रोलमध्ये. डिझेलमध्ये डिझायर, अर्टिगा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केल्याने लांब पळणारे लोक जुनी डिझेल अजून शोधतात, पण त्यातल्या सगळ्यात नव्या गाडीलाही आता वय झालंय हे विसरू नका. नंदुरबार, तळोदा, सातपुड्याच्या पायथ्याला बोलेरो. शेवरोले २०१७ मध्ये भारतातून विक्री थांबवून गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्या गाड्या स्वस्तात मिळतात, चालवायला छानही असतात, पण विकायला बसलात की महिने जातात. रंग पांढरा किंवा चंदेरी. आपल्या उन्हात काळी गाडी घ्यायला कोणी तयार नसतं.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशी सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनचं दुखणं तुमच्यापासून लपवलं आहे असं समजा आणि दोन तासांनी परत या.

थंड इंजिनला सेल मारताना एक माणूस मागे सायलेन्सरजवळ उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर, आणि तो थांबतच नाही, म्हणजे कूलंट आत जात असण्याची शक्यता. डिझेलला दाबून रेस दिल्यावर थोडा काळा येतो, पण मागचं दिसेनासं झालं तर इंजेक्टर-टर्बोचा खर्च धरा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, धूर उसळून झाकण उडालं तर इंजिन बसलं आहे. झाकणाच्या आत दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी. तिथूनच नमस्कार करा.

मग पत्रा. बॉनेटचे, दारांचे, मडगार्डचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग उडाला असेल तर पाना लागला आहे. दाराचं रबर हाताने ओढून काढा. आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ते नसतील, किंवा लांबी (पुट्टी) भरलेली असेल, तर गाडीने जबर मार खाल्लेला आहे. काचांच्या कोपऱ्यातला वर्षाचा आकडा एकमेकांशी जुळवा. टायरवर चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या मेमधल्या डांबरावर भरवशाचा नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ असेल, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज असेल, गालिच्याखाली कुबट वास असेल, तर ती पुराची गाडी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. पुरात भिजलेली गाडी त्याच जिल्ह्यात राहते असं थोडंच आहे. अशी गाडी चालू होते, चालतेही, आणि सहा महिन्यांनी वायरिंग एकेक करून दगा देतं.

आता खास आपल्याकडचं. डिकीचा गालिचा उचला. काळपट-तपकिरी डाग दिसले आणि ते ओल्या फडक्याने जात नसतील, तर तो केळीचा चीक आहे. कितीही घासा, जात नाही. मालक "फॅमिलीपुरती वापरली" म्हणत असेल, पण डिकीत केळीचे घड वाहिले आहेत, म्हणजे मागचे शॉकअप आणि स्प्रिंग दमलेले असणार. गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन खाली बसा, मागची बाजू खाली दबलेली दिसते. शेतरस्त्याला पळालेली गाडी जमिनीवर आडवं होऊन खालून बघा. चेंबरला ओरखडे आणि काळ्या मातीचा वाळलेला थर सापडेल. धुणारे वरून धुतात.

किलोमीटरचा आकडा मागे करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळे मीटरला साक्षीदार मानू नका. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, हे तिन्ही एकत्र बघा. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर विचारायला मालकालाच लावा. "कशाला?" म्हणाला की कळलं.

चालवून बघायला गावातला चौक पुरत नाही. धुळ्याकडची गाडी मी लळिंगच्या घाटात नेतो, चाळीसगावची कन्नड घाटात. चढावर तिसऱ्या गिअरला रेस वाढते पण वेग वाढत नाही तर क्लच गेला. उतारावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक दाबा, गाडी कोणत्या बाजूला ओढते ते कळतं. शक्य असेल तर दुपारी दोनला, एसी लावून, गाडी जागेवर वीस मिनिटं उभी ठेवा. पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या मुलखात उभ्या गाडीचा एसी थंड करतो का आणि तापमानाचा काटा मध्येच थांबतो का, या दोन गोष्टींवर तुमचं गिऱ्हाईक सौदा करणार किंवा मोडणार.

शेवटी मिस्त्रीला दाखवा. पाचशे-हजार घेतो. मिस्त्री तुमचा असावा, मालकाच्या ओळखीचा नाही.

कागद

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा दिसतो. तेवढ्यावर थांबू नका. मूळ आरसी हातात घ्या आणि चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. आरटीओत हेच करतात. गॅसकिट असेल तर ते आरसीवर चढवलेलं हवं. ई-चलन बघा. हायवेचे कॅमेरे आल्यापासून दहा-बारा हजारांची थकबाकी ही काही मोठी गोष्ट राहिलेली नाही, आणि ती भरल्याशिवाय काम अडतं.

पंधरा वर्षांजवळ आलेली गाडी असेल तर आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर खर्चात धरा. बोजा असेल तर पैसे मालकाच्या हातात देऊ नका. थेट कर्जखात्यात भरा, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) घ्या, उरलेले मालकाला.

नवापूर-नंदुरबारकडे जीजे (गुजरात) पासिंगच्या गाड्या स्वस्तात दिसतात. स्वस्त का, ते बघा. तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते, इकडे येऊन महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो. दिल्लीच्या गाड्यांचं तर विचारूच नका: तिथे दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर स्वस्तात निघू लागल्या. कागदांच्या फेऱ्या मोजल्या तर पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नये असं माझं मत.

आता माझी चौथी वाट. सुरुवातीला एक डिझेल गाडी नावावर करून घेतली होती. विकताना घेणाऱ्याने "आखाजीनंतर ट्रान्सफर करतो" म्हणून मुदत मागितली. ओळखीतून आलेला माणूस. मी २९-३० वर सह्या करून दिल्या, पैसे पूर्ण मिळाले, विषय संपला असं मला वाटलं. त्याने ती पुढे दिली, त्याने आणखी पुढे. वर्षभर चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली, आणि एके दिवशी एका पोलीस ठाण्यातून फोन आला की तुमच्या गाडीने मोटारसायकलवाल्याला उडवलं. विमा संपलेला होता. माणूस वाचला, पण गाडी कोणाच्या हातात होती हे दाखवता दाखवता माझे आठ महिने आणि तीन गाड्यांची कमाई गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तोंडी पुढे कितीही हात फिरो, भरपाई त्याच्यावर येते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवायचं असतं. मी आता अर्ज ऑनलाइन भरून झाल्याशिवाय किल्ली देत नाही.

भाव

उलटं गणित करा. गाडी तुमच्या भागात खरोखर कितीला जाते? जाहिरातीतला भाव नव्हे, गेल्या दोन-तीन महिन्यांत झालेल्या सौद्यांचा. तो एजंट लोकांना विचारा. त्यातून दुरुस्ती वजा, कागद वजा, तुमची कमाई वजा, आणि न दिसलेल्या दुखण्यासाठी पाच-सात हजार वजा. उरला तो तुमचा वरचा आकडा. तो घरून निघताना चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. गाडी बघून मन पाघळतं, चिठ्ठी पाघळत नाही.

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून. गाडीच्या सौद्यातही चारचौघांत आकडा बोलू नका. मालकाच्या मेहुण्यासमोर तर नाहीच. दोष मोजून दाखवा, पण गाडीला नावं ठेवू नका; साहेबांनी ती दर रविवारी स्वतः धुतलेली असते.

इसार द्या पाच-दहा हजार, सौदा पावतीवर लिहून, ऑनलाइन. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने चालत नाही, मग ते तुकड्या तुकड्याने घेतलेले का असेना.

दुरुस्ती आणि विक्री

टायर, बॅटरी, ब्रेक, एसी, आतली सफाई, दिवे. यावरचा खर्च परत येतो. म्युझिक सिस्टीम, अलॉय, सीटकव्हर यांवरचा येत नाही. पूर्ण रंग तर मुळीच मारू नका. नवा रंग बघितला की गिऱ्हाईक म्हणतं ठोकलेली दिसते. त्यापेक्षा ओरखडा राहू द्या.

विमा चालू नसलेली गाडी एक दिवसही दारात ठेवू नका. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करा. एनसीबीची सवलत जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. फरक भरावा लागतो.

फोटो सकाळी सातला, जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर काढा. वीस फोटो, त्यात ओरखड्याचाही एक. दोष तुम्ही सांगितला तर तो दोन हजारांचा असतो, गिऱ्हाइकाने शोधला तर वीस हजारांचा. ट्रायल देताना लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी स्वतः बसा. "भाऊ, पैसे टाकले, हा बघा स्क्रीनशॉट" याला भुलू नका; तुमच्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच पुढचं बोलणं.

कमाई धंद्याचं उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावी लागते. जीएसटीची नोंदणी असलेल्याला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के लागतो, पण तो पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीच्या फरकावर. नोंदणी कधी लागेल ते सीएला विचारा, आणि त्यासाठी प्रत्येक गाडीचं एक पान वहीत हवं: बिलांसकट.

गाडी देताना सौदा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, सायंकाळी ६ वाजून २० मिनिटं, अशी. त्या मिनिटानंतरचं चलन कोणाचं, यावर वाद राहत नाही. मीटरचा फोटो, घेणाऱ्याचा गाडीबरोबर फोटो, आधारची प्रत, दोन्ही किल्ल्या दिल्याची नोंद. तुमचा फास्टॅग त्याच्यासमोर बंद करा. पंधराव्या दिवशी एम-परिवहनवर नंबर टाकून बघा. तुमचं नाव अजून दिसत असेल तर फोन करा, आणि उचलला नाही तर पारोळ्याची एसटी धरा.